खिळ्यावरचे लाल कुलूप

मित्रांनो, मी एक जुने लाल कुलूप आहे. माझे काम तोंड बंद ठेवण्याचे, त्यामुळे बोलण्याची मला सवय नाही. सांगताना मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

काटेवाडीच्या रस्त्यावरच्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात मी राहते. तिथे पेंड, भुसा आणि मळी कालवणारा मोठा मिक्सर आहे. त्याची पाती खरवडायला माणूस आत उतरला, की त्याने मला स्विचला लावायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. किल्ली एकच. तो बाहेर येईपर्यंत मिक्सर कोणालाही चालू करता येत नसे. काम झाले की मी पुन्हा फळ्यावरच्या माझ्या खिळ्याला. म्हणून तिथला नियमच होता: कुलूप खिळ्यावर, तर आत कोणी नाही.

मिक्सर खरवडायला आत उतरणारा नागेश मला फार जपायचा. स्विच सांभाळणारा सार्थक त्याला चिडवायचा, "बायकूपरीस कुलपालाच जास्त जपतुयास की!"

"बायकू रुसली तर जेवाण मिळत न्हाय. ह्ये रुसलं तर जेवायला मीच उरत न्हाय," नागेश हसायचा.

या जपण्यानेच घात केला. खंडेनवमीला त्याने मला झेंडू वाहिला, तेलाचे बोट फिरवले, हळदकुंकू लावले. ते किल्लीच्या भोकात उतरून घट्ट बसले. किल्ली फिरेना.

"रविराजराव, कुलूप अडकलंय," त्याने सुपरवायझरला सांगितले.

"नवं मागवतो. तवर ऱ्हाऊ दे खिळ्यावर. आज तपासणी हाय, खिळा रिकामा दिसाया नको. आन मॅडम यायच्या आत मिक्सर खरवडून घे."

नागेश तसाच आत उतरला. नुकत्याच पाळीवर आलेल्या सार्थकला हे ठाऊक नव्हते.

पुण्याच्या मॅडम फळ्यापुढे उभ्या राहिल्या. "सगळी कुलपं जागेवर. उत्तम," म्हणत त्यांनी सुरक्षेचे पूर्ण गुण दिले. मग म्हणाल्या, "मिक्सर चालू करून दाखवता?" रविराजराव चहा सांगायला गेले होते. सार्थकने नियमाप्रमाणे फळ्याकडे पाहिले. मी जागेवर होते. त्याने बटण दाबले.

मला ओरडता आले नाही.

दहाव्यानंतर नागेशची आई, ताईबाई, कारखान्यात आली. सार्थक तिच्या पायाशी बसला. "मावशी, मी कुलूप बघूनच दाबलं वं."

"कुलूप बघितलंस, बाळा," ती म्हणाली. "आत वाकून न्हाय बघितलंस."

त्याच दिवशी सार्थकने सुईने माझ्या भोकातले कुंकू टोकरून काढले. किल्ली फिरली. इतके सोपे होते ते.

मित्रांनो, कोणाला शिकवावे अशी माझी योग्यता नाही. तरी एक मागते. मोठे होऊन कधी असा कारखाना तपासायला गेलात, तर भरलेल्या फळ्यावर खूश होऊ नका. रिकामा खिळा दिसला, तर रागावू नका. कोणीतरी किल्ली खिशात घालून आत उतरले आहे, आणि ते संध्याकाळी घरी जाणार आहे.