होय अडतीस, नको तीन

मित्रांनो, मी पातूर तालुक्यातल्या एका गावच्या शाळेतला जुना वार्ताफलक आहे. माझ्यावर शेवटची वार्ता लागली त्याला आता सव्वा वर्ष झालं. सध्या माझा मुक्काम खेळाच्या सामानाच्या खोलीत, फुटक्या कॅरमबोर्डाशेजारी आहे. कॅरमबोर्ड स्वभावाने गरीब आहे, पण त्याच्याशी बोलायला विषय नाही. म्हणून तुम्हालाच सांगतो.

माझा जन्म अकोल्याच्या जुन्या शहरात, शफीक मिस्त्रींच्या दुकानात झाला. चौकट एका उतरवलेल्या सागवानी दाराची, आत मऊ, भुसकटाची दाबून केलेली फळी आणि वर ताणून बसवलेलं हिरवं कापड. मिस्त्री कामाला चोख आणि तोंडाने फटकळ होते. मला घ्यायला आलेल्या शिपायाला त्यांनी बजावलं, "टाचनी टोचा, कागद लावा, काय पाह्यजे ते करा. पन याच्यावर कागद ठेवून लिहू नका भाऊ. मऊ माल हाय, पेन आत घुसते." मला तेव्हा थोडा राग आला होता. नवीन कोऱ्या फलकाचा उणेपणा असा चारचौघांत सांगतात का? पण ते खरं बोलले होते.

एसटीच्या टपावर बसून मी गावात आलो आणि शाळेच्या ओट्यावर, पाण्याच्या माठाशेजारी टांगला गेलो. पहिली काही वर्षं नावापुरतीच वार्ता होती. वेळापत्रक, सुट्टीची नोटीस, कोणाचं तरी सापडलेलं डब्याचं झाकण दोऱ्याने बांधून लटकवलेलं. एकदा दिवाळीच्या सुट्टीची नोटीस होळीपर्यंत माझ्या अंगावर होती. कोणाला काही वाटलं नाही, मलाही नाही.

मग तिवस्याचे संघपाल सर बदलून आले. नागरिकशास्त्र म्हणजे गाळलेल्या जागा भरा, असा मुलांचा समज होता. सरांनी पहिल्याच आठवड्यात पिशवीतून वर्तमानपत्रं काढली, कात्री काढली आणि माझे दोन भाग केले. डावीकडे बातमी, उजवीकडे व्यंगचित्र. दर गुरुवारी दोन्ही बदलायचं. बातमी वाचायची, चित्र बघायचं आणि सांगायचं, यात राज्यकारभाराचं कोणतं तत्त्व पाळलं आहे किंवा मोडलं आहे.

सुरुवातीला मुलं नुसती हसत. चित्रात पोट सुटलेला माणूस दिसला की झालं. सर म्हणत, "हसून झालं? आता सांगा. चित्रात मोठा कोण काढला, लहान कोण काढला? खुर्चीवर कोण हाय अन् उभं कोण हाय?" हळूहळू मुलांचे डोळे तयार झाले. पुढे मुलं स्वतःच चित्रं काढू लागली. पोलिसाच्याच दुचाकीला दंड झाल्याची बातमी आली, तेव्हा एकीने आरशात बघून स्वतःलाच पावती देणारा शिपाई काढला. खाली लिहिलं, कायद्याचे राज्य. गोपाल नावाच्या मुलाने तर सरकार म्हणून एक मोठा खोंड काढला आणि त्याच्या नाकात वेसण घालून तिच्यावर 'संविधान' असं लिहिलं. वेसणीचा दोर धरायला त्याने इतकी माणसं काढली की कागद पुरला नाही.

चित्र लावायचं की नाही, हे सर एकटे ठरवत नसत. वर्ग हात वर करून ठरवायचा. सरसुद्धा एक हात वर करायचे, कारण 'माझंही मत एकच,' असं ते म्हणत. मग एका चिठ्ठीवर 'होय' इतके आणि 'नको' इतके लिहून ती चिठ्ठी चित्राखाली टोचली जाई. आणखी एक नियम होता. चित्रात कोणाचं नाव लिहायचं नाही, फक्त तत्त्वाचं नाव लिहायचं. हा नियम आपल्याला सगळ्या संकटांतून तारून नेईल, अशी सरांची खात्री होती.

एकदा अमरावतीच्या शैक्षणिक प्रदर्शनात मला नेलं. टेम्पोत मला गादीवर ठेवलं होतं, काय थाट होता! दुसरा नंबर आला. परत आल्यावर ते प्रशस्तिपत्र माझ्याच उरावर टोचलं आणि मुख्याध्यापिका नीलम मॅडमनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढला. ते माझे सुखाचे दिवस होते. खोटं कशाला बोलू, मी जरा शेफारलोही होतो.

त्या वर्षी नववीत कहकशाँ नावाची मुलगी होती. तिचे वडील शाकीबभाई गावात रजया भरून द्यायचे. तिच्या ओढणीला कायम कुठेतरी कापूस चिकटलेला असे. वर्गात ती फारशी बोलत नसे, पण तिच्या हातात पेन्सिल आली की कोणाचंही सोंग टिकत नसे.

शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहासाठी पाण्याची टाकी बांधली होती. उद्घाटनाच्या दिवशी तिला पाणी होतं, फोटो निघेपर्यंत. नंतर बुडाला चीर पडली आणि टाकी कोरडी झाली ती झालीच. मुली घरून निघतानाच पाणी प्यायच्या नाहीत, म्हणजे मग दिवसभर जायला लागत नाही. ही टाकी बांधली होती शाळेच्या समितीचे अध्यक्ष धर्मेंद्रभाऊ यांनी. काम बरोबर झालं असा दाखला दिला होता त्यांनीच, आणि मुलींनी तक्रारीचा अर्ज केला तो पोचलाही त्यांच्याकडेच.

अर्जाचं काहीच झालं नाही, तेव्हा एका गुरुवारी सरांनी उद्घाटनाची जुनी बातमी डावीकडे लावली. दुसऱ्या दिवशी कहकशाँने चित्र आणलं. गळकी टाकी, टाकीपुढे तीन खुर्च्या. एकीवर लिहिलेलं 'बांधणारा', दुसरीवर 'तपासणारा', तिसरीवर 'तक्रार ऐकणारा'. तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस पसरून बसलेला आणि रांगेत उभ्या मुली. खाली तत्त्व लिहिलं होतं, सत्तेचे विभाजन. वर्ग खदाखदा हसला. सरांनी हात वर करायला सांगितलं. चाळीस मुलं आणि सर मिळून एक्केचाळीस मतं. चिठ्ठीवर आलं, 'होय ३८, नको ३'.

नाव कुठेच नव्हतं. पण कहकशाँने त्या माणसाच्या पायांत पांढरे बूट काढले होते. काळ्या मातीच्या गावात, भर पावसाळ्यात पांढरे बूट घालणारा माणूस एकच होता. बूट म्हणजेच नाव, हे एक्केचाळीस जणांपैकी कोणाच्याही ध्यानात आलं नाही. सर तर चित्रात नाव आहे का तेवढंच शोधत राहिले.

सोमवारी मला भिंतीवरून उतरवलं, पुरावा म्हणून. दोघांनी उचलून आधी नववीच्या वर्गात नेऊन टेकवलं. धर्मेंद्रभाऊ समोर उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. चिठ्ठीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे अडतीस हात कोनाचे हायेत? आता करा बरं वर. मीही पाह्यतो."

मला वाटत होतं, आता हात उठतील. वर्षभर माझ्यासमोर बोलत होती ही मुलं. गोपाल वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागला. कोणी वहीचं पान उलटलं, कोणी नुसतंच खाली बघत राहिलं. सर खिडकीपाशी उभे होते, हात पाठीमागे बांधलेले. एकच हात वर झाला, कहकशाँचा.

चौकशी स्टाफरूममध्ये झाली. तिथलं टेबल दहावीच्या सराव परीक्षेसाठी नेलं होतं, म्हणून दोन बाकांवर मलाच आडवं टाकलं. एका टोकाला चहाचे कप, मध्ये कहकशाँचं चित्र. चौकशी समितीत पहिली खुर्ची धर्मेंद्रभाऊंची होती.

सर म्हणाले, "भाऊ, पोरीनं नाव लिहिलं नाही. नाव नाही, तत्त्व, असा आमचा नियम हाय."

"मंग हे बूट तत्त्वाचे हायेत काय, सर? गावात दुसरं कोन घालते, सांगा."

भाऊंनी चहा घेतला आणि निकाल सांगितला. मुलीने माफी लिहून द्यावी, नाहीतर आजच टीसी.

शाकीबभाई दारातच उभे होते, टोपीवरही कापूस होता. ते घाईघाईने आत आले. "लिहून देईल ती, भाऊ. बच्ची हाय. टीसी नका देऊ. दुसरी शाळा म्हंजे पातूर, अकरा किलोमीटर. सकाळची एकच एसटी. तिले येकटी कशी पाठवू मी? मंग घरीच बसन ती."

कहकशाँ वडिलांकडे बघत नव्हती. ती त्या खुर्च्यांकडे बघत होती, चित्रातल्या आणि खोलीतल्या. मग सरांकडे वळून हळूच म्हणाली, "सर, माह्या चित्रात एक खुर्ची काढाची राह्यली. चौकशी करनाऱ्याची. चौथी."

मित्रांनो, वर्षभर सरांनी जे शिकवलं ते त्या पोरीला पुरतं कळलं होतं. एवढं सरळ उत्तर त्या शाळेत कोणी दिलं नसेल. सरांनी तिला शाबासकी द्यायला हवी होती. ते म्हणाले, "लिही बेटा."

तिच्यापुढे कागद ठेवला, माझ्यावरच. तिने पेन टेकवलं आणि ते कागदातून आरपार माझ्यात गेलं. कागद फाटला. दुसरा कागद दिला, 'मी माफी' इथपर्यंत आला आणि तोही फाटला. मित्रांनो, मला हातपाय नाहीत, आवाज नाही. मी मऊ आहे, एवढंच माझ्याजवळ होतं. तेवढ्या जोरावर मी अडवत होतो. दोन कागद मी फाडले याचा मला आजही अभिमान आहे.

भाऊ वैतागले. "अरे, खाली काही टनक द्या ना तिले!"

सगळे इकडेतिकडे बघू लागले. संघपाल सरांच्या काखेत राज्यशास्त्राचं पुस्तक होतं, त्यांनी स्वतः जाड पुठ्ठा घालून बांधलेलं. त्याच्या पहिल्याच पानावर संविधानाची उद्देशिका आहे. सरांनी ते काढलं आणि कागदाखाली सरकवलं. कहकशाँने आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग सरांकडे. मग खाली मान घालून तिने शेवटपर्यंत लिहिलं. या वेळी कागद फाटला नाही.

चित्राची घडी भाऊंच्या खिशात गेली. त्याच्या चार टाचण्या शिपायाने परत माझ्या कापडात खोचल्या. चिठ्ठीकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नाही, ती तशीच राहिली. माझ्या जागेवर भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला आणि मी या खोलीत आलो. टाकी अजून कोरडी आहे.

संघपाल सर वाईट माणूस नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी पोरीची शाळा वाचवली. पण शेजारच्या वर्गातून त्यांचा आवाज ऐकू येतो. आता ते सत्तेच्या विभाजनाचं उत्तर सांगतात आणि मुलं लिहून घेतात. तीन मुद्दे, तीन गुण. गुरुवारीसुद्धा.

गेल्या आठवड्यात संविधान दिन झाला. प्रमुख पाहुणे धर्मेंद्रभाऊ. पताका लावायला टाचण्या कमी पडल्या, तेव्हा नीलम मॅडमचा आवाज आला, "अगं, त्या जुन्या फलकाला असतील, घेऊन ये."

दार उघडून कहकशाँच आली. आता दहावीत आहे, उंच झाली आहे. मला केवढा आनंद झाला! वाटलं, ही मला पुसेल, निदान हात तरी फिरवेल. तिने चार कोपऱ्यांतल्या चार टाचण्या काढून मुठीत घेतल्या. पाचवी काढली तशी चिठ्ठी खाली पडली. तिने उचलून वाचली, 'होय ३८, नको ३'.

मग तिने चिठ्ठी माझ्यावर टेकवली, कंपासपेटीतून पेन्सिल काढली आणि ३८ खोडून १ लिहिला. थांबली. तो १ सुद्धा खोडला आणि शून्य काढायला घेतलं. शून्य पुरं होताना पेन्सिल कागदातून आत गेली, तिथे नुसतं भोक राहिलं. चिठ्ठी माझ्या चौकटीवर ठेवून ती टाचण्या घेऊन निघून गेली. थोड्या वेळाने बाहेर सगळ्या शाळेने एका सुरात उद्देशिका म्हटली. कहकशाँचा आवाज मला त्यात वेगळा ऐकू आला नाही.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आमच्यासारखे म्हातारे निगा राखायला सांगतात. ऊन लागू देऊ नका, वाळवी बघत जा. मला वाळवी लागली आहे, त्याचं मला फार काही वाटत नाही. माझं मागणं वेगळं आहे. हात वर करायची वेळ दोनदा येते. पहिल्यांदा हसत हसत सगळेच करतात. दुसऱ्यांदा विचारणारा समोर उभा असतो. त्या वेळी एखादीचा हात एकटाच वर दिसला, तर तिच्या शेजारी आणखी एक हात असू द्या. एकच पुरे झाला असता.

तुम्ही कराल असं मला वाटत नाही. तरी सांगून ठेवतो.