खंडेनवमीचं तेल

मित्रांनो, मी एक जुनी छऱ्याची बंदूक आहे. बंदूक म्हटल्यावर लगेच दचकू नका. माझ्या पोटात ना दारू ना आग. नळी खाली वाकवली की आतली स्प्रिंग दबते, घोडा ओढला की सुटते आणि नुसत्या हवेच्या जोरावर शिशाचा एवढासा छर्रा बाहेर पडतो. येरमाळ्याच्या शिवारातल्या एका घरात मी कितीतरी वर्षं खुंटीला मुकी टांगलेली आहे. मी मुकी कशी झाले, तेवढंच आज सांगते.

माझा जन्म परमुलखातल्या कारखान्यातला. सोलापुरात आले ती महायुद्धाच्या तोंडावर, आणि युद्ध संपून वर्ष-दीड वर्ष होईपर्यंत एका दुकानाच्या फळीवर पडून राहिले. तिथून बलभीमनं मला विकत घेतलं. सोलापूर इंग्रजांचं, येरमाळा निजामाचं. बैलगाडीत आदळत-आपटत मी सरहद्द ओलांडली. बलभीम काही शिकारी नव्हता. गाडी उलटून त्याचा उजवा खांदा निखळला होता, तो पुन्हा नीट बसलाच नाही. त्या हातानं गोफण फिरेना. भरल्या कणसांवर पाखरं उतरायची आणि हा बांधावर बसून बघायचा. त्याची बायको धुरपताबाई गोफण घेऊन शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढली, तेव्हा त्यानं लाजेनं मान खाली घातली होती. आपलं शेत आपण राखावं, एवढ्याचसाठी त्यानं मला आणलं.

आणि मी काय केलं? पहिलाच छर्रा माझ्या तोंडातून ओघळून त्याच्या पायाशी पडला. शेजारचा बब्रुवान बघत होता. तो हसून म्हणाला, "बलभीमा, लेका तू थुकला तरी ह्याच्याहून लांब जाईल की रं!"

बलभीम तिथंच बांधावर बसला. त्यानं मला मांडीवर घेतलं. गाडीच्या हादऱ्यांनी माझ्या लाकडी दस्त्याची मळसूत्रं सैल झाली होती, ती आवळली. तुराटीच्या काडीला फडकं गुंडाळून नळीतलं घट्ट झालेलं वंगण काढलं. माझ्या आतलं, हवा अडवणारं चामड्याचं वायसर दुकानात पडून वाळलं होतं. त्यावरचा उपाय दुकानदारानं सांगून ठेवला होता: तेलाचा एकच थेंब, जास्त झालं तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं तेल पेटतं आणि स्प्रिंग जाते. बलभीमनं गवताच्या काडीनं करडईच्या तेलाचा एक थेंब आत सोडला. सकाळी माझ्यात जीव आला होता.

मग छर्रे डावीकडं जाऊ लागले. त्यानं गोठ्याच्या भिंतीवर काजळीचा ठिपका काढला, आणि नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी हलक्या हातानं ठोकत ठोकत जागेवर आणली. पाखरू मारायचं नाही, ही धुरपताबाईची अट होती. म्हणून शेताच्या मध्यावरच्या बाभळीला त्यानं रॉकेलचा रिकामा डबा टांगला. माळ्यावरून नेम धरला. खण्णकन डबा वाजला आणि अख्खा थवा उठला. बलभीम लहान पोरासारखा हसला. मलाही धन्य वाटलं, खोटं कशाला सांगू?

एका थेंबानं मी बरी झाले, हे धुरपताबाईनं पाहिलं होतं. ते तिच्या मनात राहिलं.

खंडेनवमी आली. घरातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली: नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, आणि त्यांच्या पंगतीत मी. हळदकुंकू झालं. मग तिनं मला उभं धरलं आणि बाळाच्या टाळूवर घालावं तसं मायेनं, पळीभर तेल माझ्या तोंडात ओतलं. "खा बाई पोटभर," म्हणाली. पूजेच्या दिवशी हत्याराला काम सांगत नाहीत. ते तेल दिवसरात्र माझ्या पोटात झिरपत राहिलं.

दसऱ्याच्या सकाळी बलभीमनं डब्यावर नेम धरला आणि घोडा ओढला. धाडकन आवाज झाला! माझ्या तोंडातून धुराचा लोट निघाला. बलभीम गांगरून माझ्याकडं बघतच राहिला.

ते साल सत्तेचाळीस. सरहद्दीवर निजामाविरुद्धच्या लढ्याची धामधूम होती, आणि ज्याच्या घरी दारूची बंदूक सापडेल त्याची खैर नव्हती. रस्त्यानं निजामाच्या पोलिसांचं पथक चाललं होतं. आवाज ऐकून त्यांचा अमीन, म्हणजे फौजदार, शिपायांसह शेतात शिरला.

"बारूद कुठं लपवली?"

"येडाईची आण सायेब, बारूद न्हाय. हवेची हाय ती."

"हवेचा धूर निघतो काय? झूट!"

शिपायानं मला उडवून पाहिलं. पुन्हा धाडकन, पुन्हा धूर. त्यांनी बलभीमचे हात मागं ओढून बांधले. दुखऱ्या खांद्यातून कळ गेली तसा तो ओरडला. तेवढ्यात भाकरी घेऊन आलेली धुरपताबाई धावत पुढं झाली. धूर नाकात गेला तसा तिनं तो ओळखला. कढईत तेल जळल्याचा वास होता तो.

"सायेब, त्येल म्याच घातलंय! काल पूजेला, पळीभर. त्येच जळतंय. उडवा अजून. त्येल सरंपत्तुर उडवा, मग बगा आवाज येतोय का."

बलभीम कळवळून म्हणाला, "आगं, स्प्रिंग तुटंल!"

"तुटू द्या!" ती म्हणाली. "तुमी ऱ्हावा."

अमीनानं शिपायाला खूण केली. प्रत्येक भडक्यानं माझं चामडं करपत होतं, स्प्रिंग आतून पिचत होती. मला इतकंच वाटत होतं, की तेल सरायच्या आत मी मोडू नये; मोडले तर हा माणूस गेला. आवाज बसत गेला. धूर विरळ झाला. शेवटी नुसतं फुस्स झालं, आणि लांब बाभळीवर डबा खण्णकन वाजला. अमीनानं मला हातात घेऊन नळी हुंगली. मग बलभीमचे हात सोडवले आणि पथक निघून गेलं.

बलभीमनं माझी नळी वाकवली. आत कट्ट झालं. मी संपले होते.

त्या दुपारी धुरपताबाई गोफण घेऊन पुन्हा माळ्यावर चढली. बलभीम खाली उभा राहून डाव्या हातानं तिला एकेक खडा देत होता. या खेपेला त्याची मान खाली नव्हती.

मित्रांनो, माझा तिच्यावर राग नाही. तिनं दिलं ते मायेनंच. पण ज्याची काळजी घ्याल, त्याला काय सोसतं ते आधी विचारून घ्या. धुरपताबाई आता म्हातारी झाली आहे. अजूनही खंडेनवमीला ती मला खुंटीवरून काढून पाटावर ठेवते, आणि हातात पळी न घेता आधी विचारते, "अवो, हिला काय लावू?"

"काय नगं," बलभीम म्हणतो. "कोरड्या फडक्यानं पूस."

आणि ती मला सावकाश पुसत बसते.