दहावं वाक्य

"तो मला सापडला असता, तर मी त्याचं डोकं फोडलं असतं," हे वाक्य ट्रक ड्रायव्हरनं इंग्रजीत अगदी बिनचूक म्हटलं आणि अख्ख्या वर्गानं टेबलं बडवली.

"बसा," बाई म्हणाल्या. "वाक्य बरोबर आहे. पण अर्ध्या तासात या वर्गात तीन डोकी, दोन तंगड्या आणि एक जबडा फुटलाय. तुम्हाला मारामारीशिवाय दुसरं काही सुचत नाही का हो?"

"तुम्हीच म्हणालात बाई, रोजच्या जगण्यातली वाक्यं आणा म्हणून."

चाळीस वर्षं शाळेत घालवून बाई निवृत्त झाल्या होत्या. कारखान्याला परदेशी गिऱ्हाइकं मिळाल्यापासून मालकांच्या डोक्यात कामगारांच्या इंग्रजीचं खूळ शिरलं होतं, म्हणून आठवड्यातून दोनदा, पहिली पाळी सुटली की कँटीनमध्ये बाईंचा वर्ग भरे. या आठवड्याचा धडा होता घडून गेलेल्या गोष्टींच्या जर-तरचा. असं झालं असतं तर तसं झालं असतं. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं सांगून बाईंनी तो दोन मिनिटांत समजावला होता. प्रत्येकानं दहा वाक्यं लिहून आणायची होती, आणि ती खरी हवी होती.

"फोरमन, तुम्ही वाचा," बाई म्हणाल्या.

फोरमन उठला तसं हसणं आपोआप थांबलं. त्याला मागून सगळे घण म्हणत. त्याच्या हाताची चपराक बसली की तीन दिवस कानात पाणी गेल्यासारखं वाटे. उशिरा आलेल्याला, डुलकी घेणाऱ्याला, उलट बोलणाऱ्याला, सव्वीस वर्षांत त्यानं कुणालाच सोडलं नव्हतं. "हात चालतो म्हणून खातं चालतं," असं तो म्हणे, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे.

त्यानं वही डोळ्यांजवळ धरली. "इफ आय हॅड वोकन अप अर्ली, आय वुड हॅव कॉट द बस."

"छान."

लवकर उठलो असतो तर बस मिळाली असती. छत्री घेतली असती तर भिजलो नसतो. मशीनला तेल दिलं असतं तर ते कुरकुरलं नसतं. अशी नऊ वाक्यं झाली. बाई लाल पेन घेऊन शेजारी उभ्या होत्या आणि प्रत्येक वाक्यापुढे बरोबरची खूण करत होत्या. नवव्यानंतर फोरमन वही मिटू लागला.

"दहावं लिहिलंय की खाली," बाई म्हणाल्या. "तेही वाचा."

फोरमननं मागच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे वेल्डर बसला होता. दोन आठवडे दुसऱ्या पाळीत असल्यामुळे तो वर्गाला येत नव्हता, आणि आज नेमका आला होता. "राहू द्या, चुकलंय ते," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तेरा महिने झाले होते. वेल्डरचा थोरला भाऊ म्हणजे फोरमनचा साडू. पत्रा दाबायच्या चार नंबरच्या प्रेसमध्ये त्याचा हात गेला आणि पाठोपाठ जीव गेला. तो दारू पिऊन मशीनवर आला होता, असं चौकशीत ठरलं. ज्या माणसाला खोकल्याच्या औषधानंही गुंगी यायची, त्याच्या कपाळी मेल्यावर बेवड्याचा शिक्का बसला. तेव्हापासून मेहुणी फोरमनच्याच घरी राहत होती. मधूनच ती म्हणायची, "हे पीत नव्हते हो, भावोजी." आणि मान खाली घालून फोरमन म्हणायचा, "ठाऊक आहे मला." यापुढचं वाक्य तेरा महिन्यांत त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. परक्या भाषेत मात्र ते काल एका झटक्यात लिहून झालं होतं.

"इफ आय हॅड नॉट रिमूव्हड द गार्ड," त्यानं वाचलं, "माय ब्रदर-इन-लॉ वुड नॉट हॅव डाइड."

"एकदम बरोबर," बाई म्हणाल्या. "पण ब्रदर-इन-लॉ म्हणजे नक्की कोण? दीर, मेहुणा, साडू, इंग्रजांनी सगळे एकाच खुंटीला टांगलेत."

"साडू," फोरमन म्हणाला.

बाईंनी लाल खूण केली आणि मग त्यांचा हात थबकला.

वेल्डरचं इंग्रजी कच्चं होतं. पण प्रेसच्या तोंडापुढच्या लोखंडी जाळीला कारखान्यात झाडूवाल्यापासून सगळे गार्डच म्हणत. तो उठला आणि टेबलांमधून सरळ चालत आला.

"गार्ड तू काढलंस?"

"हो."

पहिला ठोसा तोंडावर बसला. फोरमन मागच्या टेबलावर आपटला, पेले खणखणत खाली गेले.

"दादा प्यालेला होता म्हणून सही कुणी केली?"

"मी."

दुसरा नाकावर बसला. रक्ताची चिळकांडी बाईंच्या हातातल्या वहीवर उडाली.

"माझी वहिनी तुझ्या घरात राहते रे! तिच्या हातचं गिळतोस तू!"

वेल्डरनं लोखंडी स्टूल उचललं. ते खांद्यावर बसलं तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. फोरमन गुडघ्यावर आला. त्याच्या एका फटक्यात वेल्डर लोळला असता, हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्यानं उजव्या हातानं टेबलाचा पाय घट्ट धरून ठेवला होता आणि तो काही सोडला नाही. सोडवायला कुणी लवकर पुढे आलं नाही. ज्यांनी यायचं, त्यांच्या गालांची फोरमनच्या हाताशी जुनी ओळख होती. स्टूल दुसऱ्यांदा पाठीत बसलं, तिसऱ्यांदा डोक्याच्या रोखानं वर गेलं, तेव्हा कुठे चौघांनी वेल्डरला मागून आवळला.

आरडाओरडा ऐकून मॅनेजर धावत आला. काय झालं ते त्याला कुणीतरी कानात सांगितलं. तो फोरमनजवळ वाकला.

"काही कारण नसताना यानं हल्ला केला, एवढंच लिहून द्या," तो हळू आवाजात म्हणाला. "पोलिसांना मी बोलावतो. आत जाईल पाच वर्षं. बाकीचं माझ्यावर सोडा."

फोरमननं तळहातावर एक दात थुंकला. मार खाण्यापेक्षा हे अवघड होतं. मार खायला काही बोलावं लागत नाही.

"कारण आहे," तो म्हणाला, आणि या वेळी आपल्या भाषेत बोलला. "चार बोल्ट होते. गार्ड असलं की माल कमी निघतो, म्हणून तुम्ही काढायला सांगितलंत आणि मी काढलं. साडू नको म्हणत होता. मी त्याला एक थोबाडीत दिली आणि मशीनवर बसवला. तो प्यालेला नव्हता."

मग बाई खुर्चीवर बसल्या, रक्ताचं पान उलटून त्यांनी कोरं काढलं. "पुन्हा सांगा. सावकाश," त्या म्हणाल्या. "मी लिहून घेते."

मॅनेजरनं वही ओढायला हात घातला. बाईंनी लाकडी पट्टीची कड त्याच्या मनगटावर अशी हाणली की तो कळवळून मागे सरला. वेल्डरला धरलेल्या चौघांनी केव्हा हात सोडले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. वेल्डर जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडत होता. फोरमननं कागदावर सही केली, खाली एकोणीस जणांनी केल्या.

"दवाखान्यात चला," ट्रक ड्रायव्हर म्हणाला.

"आधी घरी," फोरमन म्हणाला.

बायकोनं दार उघडलं आणि किंचाळली. मेहुणी कांदा चिरत होती. ती ओलं फडकं घेऊन धावत आली, त्याला खुर्चीवर बसवून तोंड पुसू लागली.

"कुणी मारलं हो एवढं? हात तुटो त्या मेल्याचा!"

"तुझ्या दिरानं मारलं. बरोबर केलं त्यानं."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. गार्डचं, थोबाडीत मारल्याचं, खोट्या सहीचं. बायको भिंतीला टेकून मटकन खाली बसली. मेहुणीचा हात त्याच्या हनुवटीपाशी तसाच थांबला होता. फडक्यातून लाल पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळत होतं.

"पण लगेच गेले ना?" तिनं विचारलं. "त्रास नाही झाला, असं सगळे म्हणाले होते."

इथे एक खोटं खपलं असतं. त्यानं कुणाचं तरी भलंच झालं असतं.

"नाही," फोरमन म्हणाला. "वीस मिनिटं होता. अँब्युलन्सवाल्यांना उघडी प्रेस दिसू नये, म्हणून मॅनेजर म्हणाला, आधी गार्ड बसव, मग गाडी बोलवू. मी बोल्ट आवळत होतो. तो खाली पडला होता माझ्या पायाशी. तुला हाक मारत होता."

"वीस मिनिटं?"

"हो."

"मला का नाही बोलावलंत?"

फोरमन अर्धवट चिरलेल्या कांद्याकडे बघत राहिला.

"मी आले असते, भावोजी," ती म्हणाली. ती ओरडली नाही. साधी चूक दाखवावी तसं बोलली. "मी घरीच होते. मी आले असते ना."

तिनं फडकं टेबलावर ठेवलं, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि पायांत चपला सरकवल्या.

"अगं, कुठे निघालीस?" बहीण ओरडली. पण ती जिना उतरून गेलीही होती.

मोडका खांदा धरून फोरमन मागे निघाला, पण तिला गाठणं त्याला जमलं नाही. ती माणसांना ढकलत, धडका घेत चालत होती, नाक्यावर एक स्कूटर तिच्या अंगावर येता येता थांबली तरी तिनं वळून पाहिलं नाही. तो पोहोचला तेव्हा ती कारखान्याच्या फाटकापाशी गज धरून धापा टाकत होती. वॉचमन नवा होता.

"कुणाला भेटायचंय, बाई?"

तिनं त्याच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"नऊच मिनिटं लागली," ती म्हणाली.

वॉचमनला काही कळलं नाही. तिच्याकडे बघत तो उठला आणि त्यानं आपली खुर्ची तिच्यापुढे सरकवली.