बाटलीत भरलेले पाणी

कचरूच्या बायकोला, केसरबाईला, जाऊन सव्वा महिना झाला, तेव्हा पुण्याच्या, तिची गाठ तपासणाऱ्या डॉक्टरबाईंचे कार्ड आले. रिपोर्ट आलाय, भेटून जा. कचरू अंथुर्ण्याहून निघाला. मुलगी करुणा इंदापूरला शाळेत शिकवायची, तीही रजा काढून आली.

डॉक्टर आसावरींनी आधी पाणी दिले. मग म्हणाल्या, "मुंबईला पाठवलेल्या गाठीच्या तुकड्याचं उत्तर आलं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं असतात. यात सतरा नंबरचं आणि बावीस नंबरचं तुटून एकमेकांना जोडलं गेलंय. दोन वेगळी जनुकं एकत्र झालीत. या जातीच्या गाठीची तीच खूण. लाखात एखाद्याला होते."

"पोरीला व्हईल का?" कचरूने विचारले.

"नाही आबा. ही आईकडून मुलीकडे जात नाही."

"मंग त्येवर विलाज न्हवता?"

"पहिल्याच वेळी ओळखली असती आणि भोवतालची कातडी रुंद कापून काढली असती, तर बहुतेक तिथंच संपली असती. त्र्याण्णव सालची गाठ कुणी तपासली होती?"

"कोण तपासतंय!" करुणा उसळली. "बारामतीच्या त्या डॉक्टरनं चरबीची म्हणून काढली आणि दिली असेल टाकून."

कचरूला खरे ठाऊक होते.

डॉक्टरने टाकून दिली नव्हती. खांद्यावरची ती लिंबाएवढी गाठ त्याने औषध भरलेल्या बाटलीत घातली, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि चिठ्ठीसकट कचरूच्या हातात दिली. "कचरूराव, ही आजच पुण्याला न्या. मला ही नुसती चरबी वाटत नाही." तेव्हा नमुने घरच्या माणसानेच न्यायचे असत.

एसटीत झाकण पाझरायला लागले. वास असा उग्र, की शेजारच्या बाईचे डोळे गळायला लागले.

"आबा, बाटलीत काय पाळलंय?" कंडक्टर ओरडला. "सगळी गाडी रडाय लागली. कोन मेलंय का काय?"

लोक हसले. बायकोचे मांस मांडीवर घेऊन बसलोय, हे कचरूला सांगवेना. मोरगावला गाडी थांबली तसा तो उतरला, ते औषध गटारात ओतले, बाटली नळाखाली दोनदा विसळली आणि गळ्यापर्यंत स्वच्छ पाणी भरले. उलट आपण चांगलेच केले असे त्याला वाटले. घाण वासाच्या पाण्यापेक्षा नळाचे पाणी बरे.

पुण्यात पोचेपर्यंत शनिवारची संध्याकाळ झाली. प्रयोगशाळा बंद. मेव्हण्याकडे येरवड्याला राहून सोमवारी तो गेला. तिथल्या माणसाने झाकण उघडले आणि नाकाला रुमाल लावला.

"कुजलंय हे. औषध कुणी ओतलं? आता यातून काहीच दिसणार नाही. डॉक्टरांना सांगा, परत तुकडा घ्या म्हणावं."

परत कापायचे. परतीच्या वाटेवर त्याला तेवढेच दिसत होते. तो घरी पोचला तेव्हा केसरबाई दारात बसली होती, हात गळ्यात बांधलेला.

"काय म्हनले?"

"साधी हाय."

"बगा, मी म्हनत न्हवते?" ती हसली आणि एका हाताने चहा ठेवायला उठली. त्या हसण्यानंतर त्याला खरे बोलता आले नाही. डॉक्टरलाही त्याने तेच सांगितले. टाके काढताना डॉक्टरने कागद मागितला. कचरू म्हणाला, टपालानं यील. पुढे एकदा रस्त्यात भेटल्यावर डॉक्टरने परत विचारले. कचरू म्हणाला, आला की आणून देतो.

तीन वर्षांनी त्याच जागी गाठ आली. इंदापूरला काढली, पुन्हा आली. पुण्यात तिचे नाव कळेपर्यंत ती फुप्फुसात उतरली होती.

"आबा, त्या त्र्याण्णवच्या गाठीचं काही आठवतं का?" आसावरीबाईंनी विचारले.

"न्हाय," कचरू म्हणाला.

येताना गाडीत करुणा म्हणाली, "दादा, मी त्या डॉक्टरवर तक्रार करणार."

"ऱ्हाऊ दे गं. त्यानं काय व्हनार?"

"तुमचं नेहमीचंच. कुणी थोबाडीत मारली तरी म्हणाल, ऱ्हाऊ दे. आईसाठी एवढं तरी करा."

रविवारी ती अर्ज लिहून घेऊन आली. डॉक्टरांनी गाठ तपासणीला पाठवली नाही, असे त्यात होते. कचरूने चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला. करुणाने बोट ठेवले तिथे त्याने सही केली.

अर्जाला आता दोन महिने झाले. डॉक्टरला चौकशीचे पत्र आल्याचे बारामतीत कळते. डॉक्टरने गाठ तपासायला दिली होती, हे कचरूने करुणाला अजून सांगितलेले नाही.