हेल्गाचं आख्यान

जुईलीनं उपरणं उलगडून वडिलांच्या खांद्यावर घातलं, आणि तिचा हात तिथंच राहिला. अकोल्याच्या त्या देवळात कीर्तनाला बायाबापड्या जमल्या होत्या. पेटीवाला सूर लावून पाहत होता.

"उत्तररंगाला कोणतं आख्यान लावू गं?" मोरोपंतांनी विचारलं. अमरावतीहून येताना बसमध्ये त्यांचं काही ठरलं नव्हतं.

"हेल्गामावशीचं लावा ना, बाबा."

मोरोपंत हसले. हा हट्ट जुनाच. हेल्गा जर्मनीची. तरुणपणी कापसाच्या बाजाराचा अभ्यास करायला वऱ्हाडात आली आणि वर्षभर त्यांच्याच घरी राहिली. जुईलीची आई रमाबाई होत्या तेव्हा. त्यांच्या शेजारी मांडी घालून ती कीर्तन ऐकायची. अर्धं कळायचं, डोळे मात्र पुरते भरायचे. पुढं जुईली अर्थशास्त्राकडे वळली ती हिच्याच नादानं.

"किती वेळा सांगितलं, जित्या माणसाचं आख्यान लावायचं नाही. ती नरस्तुती होते. नारदाच्या गादीवर चालत नाही."

एरवी जुईली भांडली असती. आज ती उपरण्याची कड नीट करत राहिली. हेल्गा गेल्याचा फोन सकाळीच आला होता. बसमध्ये शब्द तोंडाशी यायचे आणि परत जायचे.

"लावा, बाबा," ती हळूच म्हणाली.

मोरोपंतांनी तिच्याकडे पाहिलं. मग चिपळ्या उचलल्या आणि ते गादीवर जाऊन उभे राहिले.

पूर्वरंग झाला, बुक्का लागला, गळ्यात हार पडला. उत्तररंगात त्यांनी हेल्गा उभी केली. विद्यापीठातली मानाची जागा सोडून ती वर्तमानपत्रात का गेली, तर नुसते आकडे मांडून कोणाची चूल पेटत नाही म्हणून. मग तिकडं जर्मनीत लोकांनी तिला खासदार केलं. गरिबांच्या घरभाड्याचा प्रश्न आला तेव्हा भर सभागृहात तिनं आपल्याच पक्षाविरुद्ध हात वर केला आणि पुढच्या निवडणुकीत पडली. पडली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायला बसली.

इथं ते थांबले. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला.

पुढ्यातल्या म्हाताऱ्या पार्वताबाईंना राहवलं नाही.

"मंग महाराज, त्या बाईचं पुढं काय झालं? हाये का थे आता?"

मोरोपंत बायकांच्या बाजूला बसलेल्या लेकीकडे वळले.

"जुईली, आजींना सांग."

जुईली उठली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "गेली. आज पहाटे."

"माय वं," कोणीतरी म्हणालं.

आता गजर उचलायचा तो कीर्तनकारानं. पण चिपळ्या हातातच राहिल्या. शेवटी पार्वताबाईंनी आपल्या फुटक्या आवाजात विठ्ठलाचं नाव घेतलं, आणि सगळं देऊळ त्यांच्यामागून म्हणू लागलं. मोरोपंत तसेच ताठ उभे राहिले. गादी सोडेपर्यंत कीर्तनकाराला बसता येत नाही.