बायोनच्या भिंतीवरची सुईण

खोन आजीने तीनशेच्या वर पोरं या जगात आणली, पण बायोनचं देऊळ काही पाहिलं नव्हतं. आणि ते गावापासून अवघ्या तीन तासांवर! आधी लढाई, मग उपासमार, मग लोकांची बाळंतपणं. देवळाला सवड होती कुणाला? या नव्या वर्षाच्या सुट्टीत मात्र नातीने, रमदुलने, हट्टच धरला. नातजावई सामोलने दोघींना आपल्या रिक्षात घालून आणलं.

रमदुलला आठवा सरत आला होता. गेल्या तपासणीत डॉक्टरीण म्हणाली होती की बाळ पायाळू आहे, फिरलं नाही तर पोट फाडावं लागेल. तेव्हापासून पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. "आजी, एकदा हात लावून सांग ना," म्हणून तिने दहादा विनवलं. आजी ऐकेल तर शपथ! चार वर्षांपूर्वी तिच्या हातून बाळंत झालेल्या एका बाईचं रक्त थांबेना. बाई वाचली, पण दवाखान्यातल्या नर्सने चारचौघांत सुनावलं, "या हातांना आता घरी बसवा." म्हातारीने ते असं मनाला लावून घेतलं की त्यानंतर एकाही पोटाला हात लावला नाही.

देवळासमोर उतरल्यावर तिने मान वर केली आणि तशीच उभी राहिली. जिकडे पाहावं तिकडे दगडी चेहरे, माणसापेक्षा उंच, ओठांत हसणारे. तिने चपला काढून हात जोडले.

"केवढं रे हे! एवढे दगड वर चढवले कुणी?"

"आपल्याच लोकांनी, आजी. आठशे वर्षं झाली," सामोल म्हणाला. "तेव्हाही सुईण तूच होतीस का?"

"गप रे. तुझ्या या भल्यामोठ्या डोक्यापायी तुझ्या आईला दोन रात्री जागवलंस, ते मला विचार."

रमदुलला पायऱ्या झेपण्यासारख्या नव्हत्या, म्हणून तिघं खालच्या भिंतीच्या कडेकडेने चालू लागले. भिंतभर कोरीव काम. वर राजाचे हत्ती, होड्या, भालेवाले. खालच्या ओळीत मासे तोलणारी बाई, कोंबड्यांची झुंज, डुकराला कढईत सोडणारे दोघे.

"अगं, हे तर आपलंच गाव!" आजी हरखून गेली.

दोन पावलं पुढे गेली आणि तिने मटकन बसकण मारली. भिंतीवर बाळंतपणात अडलेली एक बाई कोरली होती. एकीने तिला मागून धरलं होतं. दुसरी पुढ्यात बसली होती, हात पोटावर. सुईण.

ज्या भिंतीवर राजाच्या लढाया, त्याच भिंतीवर ही बाई! नाव ना गाव, पण आठशे वर्षं कुणी तिला तिथून उठवलं नव्हतं. म्हातारीचा ऊर भरून आला, डोळे वाहू लागले, आणि तिने ते पुसलेही नाहीत. पाथरवटाला हे दाखवलं कुणी असेल? बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला कोण येऊ देतंय? कुणीतरी सुईणच त्याच्या शेजारी बसली असेल, असं धर, तसं धर म्हणत.

मग तिने डोळे बारीक केले.

"तरी चुकलाच मेला. हात इथे नको, जरा खाली हवा. असा." आणि दाखवायच्या नादात तिने रमदुलच्या पोटावर तळवा टेकला.

टेकला तो टेकलाच. पाठोपाठ दुसराही गेला. बोटं आपसूक चालू लागली. वर मऊ, तो कुल्ला. डावीकडे पाठ. खाली टणक, गोल.

रमदुल श्वास रोखून उभी होती.

"फिरलंय गं," आजी म्हणाली. "डोकं खाली आलंय."

रमदुल तिथेच रडायला लागली. सामोल चाचरत म्हणाला, "आजी, डॉक्टरणीला एकदा..."

"दाखवायचंच. उद्याच. बाळंतपणही तिथेच करायचं. पण मी आत येणार."

"आणि नको म्हणाले तर?"

"तर दाराशी बसेन," आजी म्हणाली. "पण हात स्वच्छ धुऊन, तयारीत बसेन."