जीपचे दात

आमच्या मामांच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. सोजरावहिनीला भाऊरावमामांना काही सांगायचं असलं, की ती गोठ्याच्या दाराशी यायची आणि हौश्या नावाच्या बैलाला सांगायची. "हौश्या, तूर वाळून राह्यली. कापणीले माणसं सांगा लागते." मामा ओसरीवर बसून ऐकायचे आणि थोड्या वेळानं, जणू स्वतःलाच सुचल्यासारखे, माणसं सांगायला निघायचे. अकरा वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता. हौश्याच्या मताला आमच्या घरात जेवढा मान होता, तेवढा मी बी. ए. झाल्यावरही मला मिळाला नाही.

महाराष्ट्र होऊन यंदा पाच वर्षं झाली. मी खामगावला इंग्रजी शिकवतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सोनाळ्याला मामांकडे जातो. यंदा गेलो तेव्हा घरात एकच विषय होता, तो म्हणजे बरड.

बरड म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा मामांचा चढाचा, गोट्यांनी भरलेला तुकडा. तिथं पिढ्यान् पिढ्या बकऱ्यांशिवाय कुणाचं पोट भरलं नव्हतं. वहिनीचं माहेर परतवाड्याकडचं, संत्र्याच्या बागांतलं. मागच्या पावसाळ्यात तिनं माहेराहून संत्र्याची तीनशे कलमं आणली आणि बरडावर लावली. परवानगी अर्थातच हौश्यामार्फत घेतली होती. मामांनी ती दिली, पण अट घातली. मृग लागेल त्या दिवशी झाडं हिरवी असली, तर बरड कायमचं बागेचं. नसली, तर नांगर घालून तूर पेरायची आणि संत्र्याचं नाव पुन्हा घरात काढायचं नाही.

अट सोपी वाटत होती, कारण ती पावसाळ्यात घातली होती. उन्हाळ्यात लक्षात आलं, की विहीर खाली नाल्याकाठी आहे आणि झाडं वर आहेत. बैलगाडीवर पाण्याची टिपं, म्हणजे लोखंडी पिंपं, घालून न्यायची, तर हौश्याचा जोडीदार दिवाळीतच मेला होता. मामा पंचक्रोशीतले नावाजलेले बैलपारखी. त्यांनी तीन बाजार पालथे घातले, पण हौश्याला जोड मिळेना. एक बैल कोवळा निघाला, एक उंच निघाला, आणि एकाच्या नजरेवर मामांचा विश्वास बसेना. तोवर शेजारच्या महादेवरावांचा बैल उसना आणून काम चाललं होतं. तो बैलही महादेवरावांसारखाच, मन झालं तर यायचा. वहिनी डोक्यावर घागर घेऊन दिवसातून कितीदा चढ चढत होती, ते कुणी मोजलं नाही. कलमांची पानं मात्र गुंडाळायला लागली होती.

वहिनीचा नवरा, म्हणजे माझा मामेभाऊ निवृत्ती, वर्षातून दोन-तीन वाक्यं बोलायचा. त्यातलं एक त्यानं त्या आठवड्यात खर्च केलं. "यंत्र घेऊ," तो म्हणाला.

मामांनी नाही म्हटलं नाही. फक्त म्हणाले, की वस्तू घ्यायची तर पारखून घेऊ.

पहिल्यांदा टिलर आला. पंचायत समितीचे विस्तार अधिकारी तो प्रात्यक्षिकासाठी फिरवत होते. दोन चाकांचं, लांब दांड्यांचं यंत्र होतं, माणसानं मागून धरून चालायचं. मागे छोटी गाडी जोडून पाणीही वाहता येतं, असं साहेबांनी सांगितलं. दांड्या निवृत्तीच्या हातात दिल्या. यंत्र निघालं, निवृत्ती निघाला. बांध जवळ आल्यावर तो बैलाला म्हणतात तसं "होss, होss" म्हणाला. थांबवायचा खटका त्याच्या अंगठ्याखालीच होता, साहेबांनी तो दोनदा दाखवला होता. पण जन्मभराची जीभ अंगठ्याच्या आधी चालते. यंत्र महादेवरावांच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, गंजीत शिरलं आणि निवृत्ती सभ्य माणसासारखा त्याच्या मागोमाग आत गेला.

मामांनी निकाल दिला, की जनावर ताकदीचं आहे, पण ऐकत नाही. टिलर परत गेला.

मग जीप आली. ती गुलाबरावांची होती. ते अकोटकडचे लाकडाचे ठेकेदार, मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली जीप जंगलात चालवायचे. आता ट्रक घेणार असल्यामुळे जीप आणि तिच्यामागची ट्रॉली, दोन्ही काढायची होती. एके दिवशी सकाळीच ते ती घेऊन थेट बरडाखाली आले. विहिरीवर आम्ही चार टिपं भरून ट्रॉलीत चढवून ठेवली. हौश्या आणि महादेवरावांचा बैल सकाळची एक खेप करून पळसाखाली सोडलेले होते. वहिनी वर, झाडांच्या पहिल्या ओळीपाशी, पदर सावरून उभी होती.

मामांनी जीपला तीन फेऱ्या घातल्या. मग त्यांनी तोंड उघडायला सांगितलं. गुलाबरावांनी बॉनेट उघडलं. मामांनी आत वाकून बराच वेळ पाहिलं. दात मोजता येईनात. बैलाच्या अंगावरचे केसांचे भोवरे पाहावेत, तसे पत्र्यावरचे पोचे पाहिले. दिव्याजवळच्या एका पोच्याला त्यांनी हरकत घेतली, कारण त्या जागेचा भोवरा धन्याला लाभत नाही. गुलाबराव म्हणाले, तो सागाच्या ओंडक्याचा आहे. शेवटी मामा मागे गेले. नवं जनावर किती चपळ आहे, हे शेपटीला हात लावून बघायचं असतं. शेपटीसारखं तिथं एकच होतं. मामांनी सायलेन्सरला हात लावला.

हात चांगलाच पोळला. मामांना बरं वाटलेलं दिसलं. "तिखट हाय," ते म्हणाले.

आता शेवटची परीक्षा उरली होती. आमच्याकडे बैल घेताना भरल्या गाडीची चाकं दोरानं जखडतात आणि बैलाला ती ओढायला लावतात. ती त्याच्यानं ओढली जात नाही, जावी अशी अपेक्षाही नसते. बघायचं असतं ते पुढचं. खरा बैल जोर लावता लावता गुडघे टेकतो, पण मागे सरत नाही. असा बैल दिसला, की मामा किमतीची घासाघीस करत नसत.

मामांनी दोर मागवला आणि ट्रॉलीची दोन्ही चाकं जखडली.

गुलाबरावांनी पाहिलं आणि माझ्याकडे वळले. मी शिकलेला दिसत होतो. "मास्तर, हे काय करून राह्यले?"

मी त्यांना रीत समजावून सांगितली. ते म्हणाले, यंत्राला अशी परीक्षा नसते. मामा म्हणाले, परीक्षा सगळ्यांना असते, मास्तरला विचारा. माझा धंदाच तो असल्यामुळे मी मान डोलावली. गुलाबराव चिडून जीपमध्ये बसले.

जीप ओरडली. पहिले दोन हात तिनं ट्रॉली फरफटत नेली, हे मला कबूल केलं पाहिजे. मग चढ लागला. चाकं जागच्या जागी फिरली, गोटे उडाले, जळका वास आला, आणि जीप एक हिसका देऊन गप्प झाली.

सगळे तिच्याकडे पाहत राहिले. मामा जास्तच बारकाईनं पाहत होते. जीपनं गुडघे टेकले नाहीत. ती नुसती उभी होती, एखाद्या कारकुनासारखी.

"मनानं बंद पडली," मामा म्हणाले. "बैल मनानं बंद पडत नाही. घेऊन जा, गुलाबराव."

गुलाबराव म्हणाले, चाकं सोडा, मग दाखवतो. मामा म्हणाले, सोडलेल्या चाकांची गाडी कुणीही ओढेल, त्यात पाहायचं काय? गुलाबराव खाली उतरले आणि टिपं कशी उतरवायची ते बघू लागले. निवृत्तीनं माझ्याकडे पाहिलं, पण वर्षाची वाक्यं त्याला जपून वापरायची होती.

वहिनी खाली आली. नेहमीसारखी पळसापाशी गेली आणि हौश्यासमोर उभी राहिली. मामांनीही सवयीनं कान तिकडे केला. वहिनीनं तोंड उघडलं, तेवढ्यात हौश्यानं पुढचे पाय दुमडले, मग मागचे, आणि धाप टाकत खाली बसला. मान जमिनीवर ठेवून त्यानं डोळे मिटले.

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं. पदर पुढे ओढला. मग वळली.

"मामाजी, झाडाले पाणी पाह्यजे. गुडघे नाही पाह्यजे."

आवाज मोठा नव्हता. पण निवृत्ती स्वतःच्या वहाणेचा अंगठा अशा काळजीनं पाहू लागला, की जणू तो त्याला आजच फुटला होता. मी वर आकाशात पाहिलं. तिथं घार होती. गुलाबराव परके, काय घडलं ते त्यांना कळलंच नाही. ते टिपाला हात घालून "अरे, कोणी हात लावा ना" म्हणत राहिले.

मामांनी सुनेकडे पाहिलं नाही. बैलाकडेच पाहत म्हणाले, "काऊन, हौश्याले सांगता येत नव्हतं?"

"हौश्या दमला, मामाजी."

मामा पळसाखाली गेले. हौश्याच्या वशिंडावर हात ठेवला, खांद्यावरचा जुवाचा घट्टा चाचपला. तिथलं कातडं कधीचंच सोललेलं होतं. एवढ्या मोठ्या बैलपारख्यानं तीन बाजारांतल्या जनावरांचे खांदे तपासले होते, घरचा तपासायचा राहून गेला होता. ते परत आले, ट्रॉलीच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि दोर सोडू लागले. ताण बसून गाठ आवळली होती. पोळलेल्या हातानं ती सुटेना. मामांनी जन्मात दोर कापला नव्हता. त्यांनी नुसताच हात मागे केला. वहिनीनं कमरेचा विळा काढून त्या हातात दिला.

चाकं मोकळी झाली. गुलाबरावांनी बसून चढासाठी जोर वाढवणारा छोटा दांडा ओढला आणि जीप चढाला लागली. तिनं ओरडा केला नाही, घाईही केली नाही. नवा बैल जुंपल्यावर मालक जसा गाडीच्या मागे फळीला हात लावून चालतो, तसे मामा ट्रॉलीला हात लावून वरपर्यंत चालत गेले. दोन ओळींमधून जीप बरोबर मावत होती. वहिनीनं कलमं लावताना अंतर माहेरच्या हिशोबानं सोडलं होतं, आणि तिच्या माहेरी बागेतून जीप फिरायची, हे आम्हाला तेव्हा कळलं. अकरा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. बैलानं तर नाहीच.

दिवस कलेपर्यंत खेपा चालल्या. वहिनी, निवृत्ती आणि मी बादल्यांनी आळी भरत होतो. एका ओळीच्या शेवटी एक कलम नुसतं काडी झालेलं होतं. मी ते सोडून पुढे जाणार, तर मामांनी मला थांबवलं. खाली बसून नखानं साल किंचित खरवडली. आत हिरवं होतं. त्या काडीला त्यांनी दोन बादल्या घातल्या आणि कुणी पाहिलं का ते पाहिलं.

गुलाबराव निघताना मामांनी उपरणं त्यांच्या हातावर टाकलं. बाजारात बैलांचे सौदे तसेच होतात, उपरण्याखाली, बोटांनी. गुलाबराव लाकडाच्या लिलावातले, बोटं त्यांना येत होती. मामांनी घासाघीस केली, पण मनापासून नाही.

मृग लागला त्या दिवशी मामांनी सगळी झाडं मोजली, तीन वेळा. काही गेली होती. बाकीच्यांना नवी पालवी फुटली होती, त्यात ती काडीही होती. निवृत्ती जीप चालवायला शिकला आहे. अधूनमधून "होss" म्हणतो, पण पाय ब्रेकवर ठेवून म्हणतो. हौश्या आता निंबाखाली नुसता बसून असतो. सल्ला देण्याचं कामही त्याच्याकडून काढून घेतलं आहे.

वहिनी हल्ली मामांशी सरळ बोलते. तिला जमलं. मामांना अजून जमत नाही. परवा मी निघायच्या दिवशी सकाळी ते अंगणात जीपपाशी उभे होते, फडक्यानं तिचं बॉनेट पुसत. वहिनी ओट्यावर ज्वारी पाखडत होती. मामांनी घसा खाकरला आणि जीपला म्हणाले,

"पाऊस धरला की परतवाड्याले जाऊन येऊ म्हणा. अजून शंभर कलमं आणा. नाल्याकडच्या तुकड्यातही जागा हाय."

सूप थांबलं. "हाव, मामाजी," वहिनी म्हणाली, आणि पुन्हा पाखडू लागली.